जांभळ्या ट्यूबखालची पिवळी

नवीन माणूस भेटला की आपण त्याच्या डोळ्यांकडे बघतो. चेकरचाचा तोंडाच्या कोपऱ्यांकडे बघायचे. मान थोडी वाकडी करून आधी डावा कोपरा, मग उजवा, आणि मगच म्हणायचे, "बस, बेटा." कोपरे फुटलेले असले तर बस म्हणायचे नाहीत. आधी विचारायचे, "दूध पितेस की नुसता चहा?" माझे कोपरे तेव्हा फुटलेले होते. त्यामुळे आमच्या ओळखीची पहिली पाच-दहा मिनिटं मी उभीच होते.

ते निजामपुऱ्यात एका शेठच्या गोडाऊनमध्ये कापड तपासायचे. शेजारीच शेठचा लूमचा कारखाना. तिथे विणलेला तागा चाचांच्या टेबलावर यायचा, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय व्यापाऱ्याकडे जायचा नाही. टेबलाच्या वर दोन ट्यूब होत्या, एक साधी आणि एक जांभळी. दोन वेगळ्या गिरण्यांचं सूत चुकून एकत्र विणलं गेलं, किंवा कुठे तेल सांडलं, तर साध्या उजेडात पटकन कळत नाही. जांभळ्या ट्यूबखाली ते उठून दिसतं. चाचा खिडकीला काळा पडदा लावायचे, जांभळी ट्यूब पेटवायचे आणि तागा हातांखालून हळूहळू ओढत न्यायचे. त्यांच्या पांढऱ्या दाढीला त्या उजेडात निळी चमक यायची. सगळे त्यांना चेकरचाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले.

मी जवळच्या शेलार गावची. बाबा शेठच्या त्या कारखान्यात लूम चालवतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात कुणाला काय विचारायचं असतं, कुठे गप्प बसायचं असतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सगळीकडेच गप्प बसायचे. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मला प्रोजेक्ट मिळाला तो रायबोफ्लेविनवर, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी बी-टूवर. ते कशाकशात असतं, शरीरात काय काम करतं, हे लिहायचं. त्याची एक गंमत अशी की ते जांभळ्या उजेडात पिवळंहिरवं चमकतं. पण कॉलेजातल्या जांभळ्या दिव्याची ट्यूब गेलेली होती. सर म्हणाले, "इंटरनेटवरचा फोटो चिकटव." मी "हो सर" म्हटलं आणि घरी येऊन भाकरी खाताना रडले.

बाबा म्हणाले, "त्यात रडायचं काय? आमच्या चेकरकडं हाय तसली ट्यूब. सकाळी चल माझ्याबरोबर."

म्हणून मी एका पिशवीत दूध, अंड्याचा पांढरा बलक आणि मेथीचं पाणी अशा तीन बाटल्या घेऊन गेले. कोपऱ्यांची तपासणी झाली. मग मी खाली बघत काहीतरी पुटपुटले. त्यातला "रायबोफ्लेविन" एवढा एकच शब्द चाचांना ऐकू गेला असावा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कुणी परगावात आपल्या गल्लीतलं माणूस भेटल्यावर बघतं. शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली, कराकरा चावली आणि जांभळ्या ट्यूबखाली वाकून जीभ बाहेर काढली.

जीभ पोपटी-पिवळी पेटलेली. आजूबाजूला अंधार, पांढरी दाढी आणि मधोमध ती जीभ. मी दोन पावलं मागे सरले.

"घाबरू नकोस," चाचा जीभ आत घेऊन म्हणाले. "ही आमची पिवळी. चावत नाही."

पिवळीची आणि त्यांची ओळख कशी झाली ते मी त्यांच्याकडून निदान सहा वेळा ऐकलं, आणि दर वेळी त्यात नवीन भर पडलेली असायची. मूळ गोष्ट अशी, की चाचांच्या तोंडाचे कोपरे दोन वर्षं फुटत होते. हसले की रक्त यायचं, म्हणून त्यांनी हसणं सोडून दिलं. "बायकोला वाटलं, मी रुसलो," ते सांगायचे. "बिचारी मला मनवायला तिखट बिर्याणी करायची. बिर्याणीने कोपरे आणखी जळायचे, माझं तोंड आणखी वाकडं व्हायचं, मग ती आणखी तिखट बिर्याणी करायची." शेवटी एका दवाखान्यातल्या डॉक्टरने त्यांची जीभ बघितली. ती पान खाल्ल्यासारखी लाल-जांभळी झाली होती. चाचा जन्मात पान खात नाहीत. डॉक्टरने ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दवाखान्यात हजर. बाटलीत काय होतं ते मी लिहीत नाही, पण ते लिंबाच्या सरबतासारखं पिवळंजर्द होतं. "डॉक्टर, माझी किडनी गेली."

"काही गेली नाही चाचा. गोळीतली जास्तीची पिवळी पावडर आहे ती. शरीर फारशी ठेवून घेत नाही."

"एवढी चांगली चीज, आणि ठेवून घेत नाही?"

"नाही. रोज थोडी-थोडी खावी लागते."

यातून चाचांनी जे तत्त्व काढलं ते असं: पिवळी पाहुणी आहे, तिला रोज आमंत्रण द्यावं लागतं. पंधरा दिवसांत त्यांचे कोपरे भरून आले. ते घरी जाऊन बायकोसमोर इतके हसले, की तिने शेजारणीला हाक मारली.

एकदा त्यांच्या हातून गोळीचा तुकडा टेबलावर सांडला आणि जांभळ्या ट्यूबखाली चमकला. त्या दिवसापासून ट्यूबखाली कापड कमी आणि बाकीचं जास्त जायला लागलं. दूध, पनीरचं पाणी, बोकडाची कलेजी. प्रत्येक गोष्ट तशी चमकत नाही, आणि जे चमकतं ते सगळंच बी-टू नसतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण सांगायचं धाडस झालं नाही.

उन्हात पिवळी टिकत नाही हे मात्र त्यांना माझ्याही आधी माहीत होतं. नाक्यावरचा दूधवाला दुधाच्या पिशव्या उन्हात ठेवायचा म्हणून त्याच्याशी त्यांचं रोज भांडण. "अरे, तू दूध विकतोयस की पांढरं पाणी? पिवळी मेली ना त्यातली." दूधवाला म्हणायचा, "चाचा, मेलेली असेल तर तुम्हाला एक रुपया कमी." घरात त्यांची दुधाची काचेची बरणी होती. तिला त्यांनी कापडाच्या तुकड्यांचा शर्ट शिवून घेतला होता, कॉलरसकट. मी विचारलं, कॉलर कशाला? म्हणाले, "शिंपी बोलला, कॉलरशिवाय शर्ट दिसतो कसा?"

नोटा तपासायची छोटी जांभळी टॉर्च त्यांच्या खिशात कायम असायची. नारपोलीला एका लग्नात आम्ही दोघं एकाच पंगतीला होतो. चाचांनी ताटावर टॉर्च मारली. डाळ, भात, रायतं असं एकेक बघत पुढे सरकले. स्वयंपाकाच्या मुख्य माणसाला वाटलं, हा तपासणी अधिकारी. त्याने धावत येऊन चाचांच्या पानात तीन वाट्या खीर ठेवली आणि पनीरचं पातेलं टेबलाखाली सरकवलं. चाचा खीर खाऊन उठले ते थेट नवऱ्या मुलाच्या सासऱ्यापाशी. "मुलगा चांगला आहे, पण कोपरे फुटलेत. लग्न होऊ दे. दूध मात्र वाढवा." फोटोग्राफरने नेमका तो क्षण टिपला. त्या फोटोत सासरेबुवा जावयाच्या तोंडाकडे वाकून बघताहेत.

तर असे चाचा. आता त्यांची चूक सांगते, कारण त्या चुकीत बाबांचं काम जायची वेळ आली होती, आणि थोडी चूक माझीही होती.

कारखान्यातली माणसं बारा-बारा तास लूमवर असतात. बहुतेक जण खानावळीत पातळ डाळ-भात खातात आणि मध्ये चहा-पाव. थंडीत निम्म्या लोकांचे कोपरे फुटलेले असायचे. चाचांना ते बघवेना. त्यांनी सकाळ-संध्याकाळ, पाळी बदलताना, चहाच्या टपरीपाशी उभं राहून गोळ्या वाटायला सुरुवात केली. इथपर्यंत ठीक होतं. पण ते प्रत्येकाला बजावायचे, "गिळायची नाही. चावायची, जिभेवर घोळवायची, कोपऱ्यांना लागू द्यायची. पायाला जखम झाली तर मलम पायाला लावतोस की पितोस?"

हे मी ऐकलं तेव्हा म्हटलं, "चाचा, ती पोटात जावी लागते. आतड्यातून रक्तात जाते, तिथून पेशीत..."

पलीकडे ऐंशी लूम चालू होते. चाचा म्हणाले, "हां, हां, बेटा, चहा घे."

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते तागा मोजत होते. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बहुधा मीच वाक्य अर्धं सोडलं. एवढ्या मोठ्या माणसाला, ज्याने मला स्वतःची ट्यूब वापरायला दिली, त्याला तुमचं चुकतंय असं कसं म्हणायचं?

घरी मात्र बोलले. बाबा जेवून ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "ती गोळी पोटात जाऊन करती काय गं?"

मी आठवून आठवून सांगितलं. खाल्लेल्या अन्नातून शक्ती काढायची तर त्यातले हायड्रोजनचे कण एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी पोचवावे लागतात. बी-टूपासून शरीर एक वाहक तयार करतं. तो कण उचलतो, नेऊन देतो, रिकामा होतो, परत येतो, परत उचलतो.

बाबांनी एक बोट हवेत इकडून तिकडे नेलं, परत आणलं. मग म्हणाले, "म्हंजे धोटा."

"काय?"

"लूमवरचा धोटा गं. ह्या टोकाचा दोरा त्या टोकाला न्यायचा, परत यायचं. त्यो काय कापडात ऱ्हात न्हाय. पन त्यो नसंल तर लूम नुसता खडखडाट."

मी वही आणायला आत पळाले. सात पुस्तकं वाचून मला जे समजलं नव्हतं ते बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. लिहिता लिहिता मी आतूनच म्हटलं, "म्हणून ती पाण्याबरोबर गिळायची असते. चावून कोपऱ्यांना लावून उपयोग नाही." बाबा नुसतं "हं" म्हणाले. त्यांना झोप आली असावी असं मला वाटलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी पालकाचं पाणी घेऊन गोडाऊनला गेले, तेव्हा शेठ टेबलापाशी उभे होते आणि चाचा सात तागे एकामागून एक ट्यूबखालून नेत होते. सातही बाबांच्या दोन लूमवरचे. पहिल्याच ताग्यावर ठिपके दिसले. वीतभर अंतरावर एक, मग हातभर अंतरावर दोन. पिवळेहिरवे, चमकणारे. दुसऱ्यावर तसेच. सातव्यापर्यंत तसेच.

"तेल," शेठ म्हणाले. "मी दिवाळीपासून बोलतोय, ह्याची नजर गेली. तेल घालताना कुठे पडतं ते दिसत नाही त्याला. चाचा, रजिस्टरमध्ये लिहा. आणि त्याला सांगा, उद्यापासून घरी बस."

चाचांनी रजिस्टर उघडलं. दोष कोणाचा, या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं. तीस वर्षांत त्यांनी कधी खोटा दोष लिहिला नव्हता आणि खरा दोष लपवला नव्हता, त्यामुळे त्यांनी लिहिलेलं नाव म्हणजे संपलंच. बाबांना दुसरं काय येतं? शेतीचा तुकडा गोडाऊनवाल्यांना गेला, त्यालाही आता वर्षं झाली.

चाचांनी पुढचा रकाना बघितला. कारण. पेन टेकवलं आणि थांबले. परत ट्यूबखाली वाकले. ठिपक्याला नाक लावलं.

"शेठ," ते म्हणाले, "तेल असं चमकत नाही. हिला मी ओळखतो."

"कोणाला?"

"पिवळीला."

शेठ माझ्याकडे बघायला लागले.

चाचा आता भराभर बोलत होते. लूमवर दोरा तुटला की कारागीर काय करतो? बोट जिभेला लावतो, दोऱ्याचं टोक ओलं करतो, गाठ मारतो. धोट्यातली दोऱ्याची कांडी संपली की नवा दोरा धोट्याच्या भोकातून कसा काढतो? तोंड लावून ओढतो. "आणि तोंडात सकाळ-संध्याकाळ काय असतं? मी दिलेली गोळी. चावलेली."

"चाचा, तुम्ही थकलात. घरी जा."

"जातो. आधी माणसांना बोलवा."

पाळी बदलायची वेळ होती, म्हणून दोन्ही पाळ्यांची माणसं सापडली. गोडाऊनच्या अंधारात त्यातल्या जवळच्या लूमवरच्या नऊ जणांची रांग लागली. चाचा म्हणाले, "जीभ काढा." कुणीच काढेना. शेठसमोर जीभ कशी काढायची? शेवटी बाबांच्याच लूमवर रात्रपाळी करणारा त्यांचा जोडीदार पुढे आला. "चाचा बोले हैं तो निकालते हैं," म्हणत त्याने ट्यूबखाली तोंड नेलं.

जीभ दिवाळीतल्या भुईचक्रासारखी पेटली. आत कुठेतरी दातसुद्धा चमकत होते. मागचा एक जण हसला, त्याच्या हसण्यात त्याची जीभ दिसली, तीही पिवळी. मग सगळेच पुढे घुसले. एक एक जीभ बाहेर, हिरवी, पिवळी, पोपटी, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची बघून हसतोय. "तेरी तो पार्किंग लाइट है रे." "तुझी बघ, सिग्नल." मला हसायचं नव्हतं, बाबांचं काम जायला आलं होतं, पण माझ्या नाकातून विचित्र आवाज आला.

"शेठ, तुमची पण," चाचा म्हणाले.

"माझी कशाला?"

"रोज सकाळी माझ्याकडून एक घेता ना?"

शेठनी आधी पडदा नीट लागलाय का ते बघितलं आणि जिभेचं फक्त टोक बाहेर काढलं. ते टोक त्या सगळ्यांपेक्षा जास्त चमकलं.

रांगेत शेवटी बाबा होते. त्यांनी जीभ काढली. चाचा वाकले, आणखी वाकले. जीभ नुसती काळपट दिसत होती. ट्यूबखाली तिच्यात काहीच नव्हतं. म्हणजे ताग्यांवरचे ठिपके बाबांचे नव्हते, रात्रपाळीतले होते.

"हा गोळी खात नाही वाटतं," शेठ म्हणाले.

"खातो की," बाबा म्हणाले. "रोज. पन गिळतो, पान्यासंगं."

"गिळतोस? मी चावायला सांगितलं होतं ना?" चाचा म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "पोरगी बोलली, गिळायची असती. ती शिकती ते."

म्हणजे त्या रात्री बाबा झोपले नव्हते.

चाचांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "तीनदा."

"मला ऐकू नाही आलं."

"मी हळू बोलले."

"बेटा, लूमच्या गावात हळू बोललेलं कोणाला ऐकू येतं?"

"बाबांना आलं," मी म्हटलं.

मग शेठनी डोक्याला हात लावला. तेल नाही हे ठीक, पण सात तागे तरी डागी आहेतच, आणि उरलेल्या लूमवरचे अजून बघायचेत. कोरं कापड धुतलं तर त्याची कांजी निघून जाते, मग व्यापारी हात लावत नाही. चाचा स्टुलावर बसले होते. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

"ऊन," मी म्हटलं.

शेठ फोनवर कुणाला तरी शिव्या देत होते. चाचा मान खाली घालून होते. पलीकडे लूम सुरू झाले होते. मी श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "चाचा, पिवळीला ऊन लावा!"

चाचा स्टुलावरून असे उठले की स्टूल पडलं.

दोन दिवस निजामपुऱ्याच्या त्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर तागे पसरलेले होते. हलकं पाणी शिंपडायचं, ऊन खाऊ द्यायचं, बाजू पालटायची. दोन्ही पाळ्यांची माणसं, शेठ, मी, शेजारच्या बायका, सगळे वर. दूधवाला खालून ओरडला, "काय चाचा, आज तुम्हीच उन्हात ठेवताय?" जो माणूस वर्षानुवर्षं पिवळीला उन्हापासून वाचवत आला, तो त्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून तिला उन्हात लोटत होता आणि प्रत्येक ताग्यापाशी "माफ कर गं" म्हणत होता. तिसऱ्या सकाळी जांभळ्या ट्यूबखाली एकही पिवळा ठिपका उठला नाही. चाचांनी प्रत्येक तागा दोनदा ओढून बघितला, मग मान हलवली.

नंतर त्यांनी रजिस्टर घेतलं. बाबांचं नाव खोडलं, त्यावर स्वतःचं लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: चेकरने ऐकलं नाही.

तोंडी परीक्षेत मला विचारलं, रायबोफ्लेविनपासून बनलेला वाहक काय करतो? मी धोट्याचं सांगितलं. परीक्षक म्हणाले, "छान. कोणत्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, "माझे वडील लूमवर आहेत, त्यांनी सांगितलं." शेजारच्या लॅबमध्ये ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

चाचा आता मुलीकडे समुद्रकाठच्या गावी राहायला गेलेत. जाताना बरणीचा शर्ट आईला देऊन गेले. बाबांना डोळे तपासून चष्मा मिळाला, आणि ते अजून त्याच दोन लूमवर आहेत. दर जुम्म्याला नमाजनंतर चाचांचा व्हिडिओ कॉल येतो. हालहवाल विचारायच्या आधी ते खिशातली टॉर्च पेटवून जीभ बाहेर काढतात. साधी, गुलाबी. "बघ. गिळली." मग बाबांची पाळी. बाबा फोन जवळ धरतात, इकडे-तिकडे बघतात आणि जीभ काढतात. दोघं बराच वेळ एकमेकांच्या जिभा बघतात आणि समाधानाने माना हलवतात.

आई आतून भाकरी थापता थापता म्हणते, "पोरीला शिकवली त्याचं हे असं झालं."